टोबिताचं कुत्रं

विहीणबाईंनी पुस्तक हातात घेतलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता या डोळे पुसणार. तसे त्यांनी पुसलेही. मागच्या भेटीत त्यांनी कापडी पिशवीतून जे आणून दिलं होतं त्याला बायबल म्हणणंही जिवावर यावं अशी त्याची दशा होती. पुठ्ठा नाही, सुरुवातीची पानं नाहीत, दोरा कुजलेला, आणि फर्मे एकमेकांपासून असे सुटलेले की जणू भाऊबंदकीच झाली होती. आज त्याच पुस्तकाला गडद निळं कापड होतं, कोपऱ्यांना कातडं होतं, पाठीवर सोनेरी अक्षरं होती.

“यांनी बघायला हवं होतं हो,” विहीणबाई म्हणाल्या. हे म्हणजे त्यांचे गेलेले यजमान. पुस्तक त्यांचं.

बाइंडरांनी मान खाली घातली. कौतुक कानावर पडलं की ते असेच जमिनीकडे बघायचे, काहीतरी सांडलंय आणि तेच पुसायचं राहिलंय असं.

बाइंडरांची बायको माई चहाचा ट्रे घेऊन दारात थबकली होती. तिला वाटलं, जमलं. मागच्या बैठकीत जे चार तास घसा फोडून जमलं नाही ते या निळ्या कापडानं जमवलं. धाकट्याचं लग्न मुलीकडच्या कॅथलिक चर्चमध्ये व्हायचं, पण उपदेश आपल्या प्रोटेस्टंट पाळकांनी करायचा, इथवर गाडी कशीबशी आली होती. त्या गाडीला आज कुठे धक्का लागू नये एवढंच तिचं मागणं होतं. धाकटा खुर्चीच्या कडेवर बसला होता आणि त्याची होणारी बायको त्याच्याकडे न बघता हसत होती. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर असते म्हणून तिच्या होणाऱ्या नणंदेनं, माईच्या थोरल्या लेकीनं, तिचं नाव ‘औषधवाली’ ठेवलं होतं, आणि पोरीनं ते नाव मानानं मिरवलं होतं. तेव्हाच माईनं मनात म्हटलं होतं, ही टिकेल.

“मग आता वाचतेच,” विहीणबाई म्हणाल्या. “आमच्या लग्नात यांनी मला जे वाचून दाखवलं होतं ते. टोबितच्या पुस्तकातली नवराबायकोची प्रार्थना. पोरांच्या लग्नातही तीच वाचायची असं मी ठरवलंय.”

त्यांनी मधोमध बोट घातलं. चार पानं पुढे गेल्या, सहा मागे आल्या. जुन्या कराराचा शेवटचा मलाखी संपला की लगेच नव्याचा पहिला मत्तय. पुन्हा मागे. मलाखी. पुन्हा पुढे. मत्तय. मधे कोरं पानसुद्धा नाही.

“दादा, जरा बघ रे. माझा चष्मा तर नाही ना बिघडला?”

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, औषधवालीचे मामा. चष्म्याचं दुकान चालवायचे. त्यांनी बहिणीच्या नाकावरचा चष्मा काढला, उजेडाकडे धरला, पुसला, परत तिच्या नाकावर ठेवला. मग पुस्तक घेतलं आणि स्वतः चाळलं. “चष्मा ठीक आहे,” ते म्हणाले. “टोबितच नाही.”

माईच्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, “कुत्रं!”

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

“कुत्रं कुठंय?” थोरली म्हणाली. ही घरातली मोठी लेक, शाळेत मास्तरीण. तिनं पाय वर घेतलेसुद्धा.

“इथं नाही गं. त्या… त्या फर्म्यात.” माईनं ट्रे टेबलावर ठेवला. नीट ठेवला की नाही हे तिला नंतर आठवेना.

या घरात पुस्तकं जन्माला येत नसत. ती इथं बरी व्हायला यायची. छापलेल्या मोठ्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानांची जुडी होते, तिला फर्मा म्हणायचं. फर्म्यावर फर्मा शिवत गेलं की पुस्तक. पुठ्ठा, कापड, सोनेरी अक्षरं ही बाइंडरांची कामं. फर्मे लावणं आणि शिवणं माईचं. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांनी तिला सुई देण्याआधी बायबलाच्या पुस्तकांचा क्रम पाठ करायला लावला होता. उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना. बायबलं सगळ्यांत जास्त यायची, आणि ती झिजून यायची. “क्रम तोंडात असला की हात चुकत नाही,” सासरे म्हणायचे. सहासष्ट पुस्तकं ती गाण्यासारखी म्हणत शिवायची. धाकट्याला मांडीवर घेऊन तिनं अंगाई म्हणून तीच म्हटली होती, कारण दुसरं काही त्या वेळी सुचायचं नाही.

तर विहीणबाईंचं पुस्तक उलगडताना मलाखी संपला आणि गाण्यात नसलेलं काहीतरी हाताला लागलं. चारपाच फर्मे. कागद जरासा पिवळा. पानांचे आकडे पुन्हा एकपासून. वर लिहिलेलं, टोबित. तिनं सुई बाजूला ठेवून वाचलं. एक मुलगा लांबच्या प्रवासाला निघतो, सोबतीला अनोळखी वाटाड्या असतो, तो निघतो देवदूत, नदीतून एक मोठा मासा येतो, आणि या सगळ्यांच्या मागून मुलाचं कुत्रं चाललेलं असतं. कुत्रं काही करत नाही. नुसतं जातं, आणि शेवटी परत येतं. माईला ते भलतंच आवडलं. पण बायबलात पाळलेलं कुत्रं कुठे असतं? कुण्या दुसऱ्या कामातली मुलांची गोष्ट या गठ्ठ्यात घुसली, असं तिनं धरलं. असं होतं कधीकधी. दोन ग्राहकांची पुस्तकं एकाच टेबलावर सुटली की फर्मे घरं बदलतात.

“अहो,” तिनं विचारलं होतं, “यात दुसऱ्याच पुस्तकाचे फर्मे आलेत. काढू?”

बाइंडर कटरवर होते. पातं खाली येत होतं. त्यांनी वर न बघता म्हटलं होतं, “काढ.”

आता ती हे सगळं सांगत होती, आणि सांगता सांगता तिच्या लक्षात येत होतं की त्या ‘काढ’चा आवाज तिला नीट आठवतोय. फार लवकर आला होता तो.

“म्हणजे,” विहीणबाई हळू म्हणाल्या, “तुम्ही माझ्या नवऱ्याच्या बायबलातून पानं फाडलीत.”

“फाडली नाहीत,” बाइंडर म्हणाले. “फर्मे काढले. फाडणं वेगळं.”

“अप्पा!” धाकटा कळवळला.

“असू दे, असू दे,” चष्मेवाले मामा दोन्ही हात वर करून म्हणाले. भांडणाचा वास आला की त्यांना विनोद सुचायचे, हा त्यांचा जुना रोग. “साधा हिशेब आहे. तुमच्याकडे पुस्तकं सहासष्ट, आमच्याकडे त्र्याहत्तर. आता तुमची सात हरवली की आमच्यात सात पाहुणी येऊन राहिली, हे बघायला चष्मा कुणाचा लावायचा तेवढं ठरवा. माझ्याकडे दोन्ही नंबरचे आहेत.”

कुणी हसलं नाही. औषधवाली हसली, पण खोकल्यात लपवून.

बाइंडरांनी खुर्ची पुढे ओढली. खुर्ची पुढे आली की उठणं नसतं. त्यांच्या वडिलांची खुर्चीही अशीच पुढे यायची. म्हातारे मुळात कॅथलिकच. दुसऱ्याच्या दुकानात बायबलाचे फर्मे जुळवायला बसले, जुळवता जुळवता वाचू लागले, आणि वाचता वाचता जुन्या चर्चमधून बाहेर पडले. त्यांची आई मरेपर्यंत त्यांच्याशी धड बोलली नाही. घरात ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती, सहासष्ट पुस्तकांसारखी.

“मी भांडत नाही,” बाइंडर म्हणाले. “मी फक्त विचारतो. ही सात पुस्तकं यहुद्यांच्या हिब्रू शास्त्रात होती का? नव्हती. प्रभूनं, प्रेषितांनी इतकी वचनं सांगितली. ‘असं लिहिलं आहे’ असं म्हणून यातलं एक तरी सांगितलं का? मला दाखवा, मी माझ्या हातानं शिवून देतो.”

“पण शेकडो वर्षं सगळे तीच वाचत होते ना?” मामा म्हणाले. “मग मधेच कुणाला नकोशी झाली?”

“नकोशी नाही. वेगळी ठेवली. वाचायला चांगली, पण त्यांच्यावर शिकवण उभी करायची नाही. शिकवण उभी केली की काय होतं ते बघा. त्या सातांतल्या मक्काबीच्या एका ओळीवर तुम्ही अख्खं शुद्धिस्थान बांधलंत, मेलेल्यांना स्वर्गाआधी शुद्ध करायची जागा. बाकी बायबल काय म्हणतं? माणसानं एकदा मरायचं आणि मग न्याय. शरीरातून निघाला की प्रभूजवळ. देव आणि माणूस यांच्या मधे एकच मध्यस्थ. त्या मधल्या जागेचा पत्ता मला सहासष्टमध्ये कुठेच मिळत नाही.”

“मधल्या मजल्यावर अडकलेली लिफ्ट,” धाकटा पुटपुटला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला बोलायचं नव्हतं, पण निघून गेलं. “म्हणजे, अप्पा, मी रोज तेच काम करतो. माणसं अडकलेली असतात. मरत नाहीत, पण वरही जात नाहीत. बाहेर जो उभा असतो तो आतल्यांशी बोलत राहतो. त्यानं लिफ्ट हलत नाही. पण बोलणं थांबवलं की आतले घाबरतात.”

विहीणबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू जावई म्हणून नव्हे, मुलगा म्हणून आत्ताच पदरात घेतला.

“तू कुणाच्या बाजूनं आहेस?” बाइंडर म्हणाले.

“मी लिफ्टच्या बाजूनं आहे.”

थोरली इतका वेळ वडिलांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. तिची मान मधेच थांबली. “पण अप्पा, एक विचारू? तुम्ही म्हणता, जे लिहिलंय तेच खरं. मग पुस्तकं सहासष्टच, हे त्या सहासष्टमध्ये कुठे लिहिलंय?”

“अगं… ते… आजोबांनी तुला गाणं शिकवलं नाही का?”

“गाणं आजोबांचं. मी वचन विचारतेय.”

“मास्तरीण झालीस म्हणून बापाची परीक्षा घेतेस?”

“तुम्हीच शिकवलंत, आधार माग म्हणून!”

आणि मग ज्याची कुणालाच कल्पना नव्हती ते झालं. औषधवाली बोलली. पोरीचा आवाज बारीक होता, पण काउंटरवर गर्दीत बोलायची सवय असल्यानं तो सगळ्यांपर्यंत पोचायचा.

“आई, मला अप्पांचंच पटतं.”

“काय?”

“शुद्धिस्थानाचं. मला कधी पटलंच नाही गं. बाबांसारखा माणूस. कुणाला कधी उलट बोलले नाहीत. आणि आपण रोज संध्याकाळी म्हणायचं, देवा, त्यांना यातनांतून सोडव. म्हणजे रोज संध्याकाळी मला दिसतं की ते यातनांत आहेत. अप्पांचं ऐकलं की वाटतं, नाहीयेत. पोचलेत. बसलेत निवांत.”

विहीणबाईंचा चेहरा असा झाला, जणू स्वतःच्या घराची किल्ली दुसऱ्याच्या दाराला लागलेली बघितली. त्या उठल्या. निळं पुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं, आपटलं नाही, हळू ठेवलं, आणि ते जास्त वाईट होतं.

“मी रोज जे म्हणते ना,” त्या म्हणाल्या, “ते मक्काबीच्या त्याच पानावर आहे. मेलेल्यांसाठी प्रार्थना करणं चांगलं, असं तिथं लिहिलंय. माझ्याजवळ तेवढंच एक पान होतं. तेही तुम्ही पाहुणं म्हणून काढलंत. ते पान मिळालं तर बसू. नाही मिळालं तर ही बोलणी इथंच राहू द्या.”

धाकट्याचा हात औषधवालीच्या खुर्चीच्या पाठीवर होता. त्यानं तो काढून घेतला, मग पुन्हा ठेवला.

“मी बघते,” माई म्हणाली. “मी टाकलेले नाहीत. फळीवर ठेवलेत.”

कारखाना म्हणजे घराचीच मागची खोली. मधे एक दार. आत शिरलं की सरसाचा आणि खळीचा वास, आणि सुट्टीच्या दिवशीही कागदाची बारीक धूळ उजेडात तरंगत असायची. माई थेट फळीशी गेली. चुकून आलेले फर्मे तिथं ठेवायची रीत होती. टोबित होता. त्याच्या खाली आणखी दोन फर्मे होते. शेवटचे नव्हते. मक्काबीचे नव्हते.

तिनं फळी चाचपली, खाली वाकून रद्दीची टोपली उलथी केली. मग सरळ होताना तिची नजर शिकंज्यावर गेली.

शिकंज्यात गीतपुस्तकं दाबून उभी होती. त्यांच्याच चर्चच्या मंडळीची, पुढच्या रविवारी द्यायची. शिवून झालेली, पाठ वर करून, पुठ्ठा चढायची वाट बघत. पाठ मजबूत व्हावी म्हणून तिच्यावर जुन्या कागदाच्या पट्ट्या खळीनं चिकटवतात. जो हाताला लागेल तो कागद. वरून कापड चढलं की जन्मात कुणाला दिसत नाही. या पट्ट्यांचा कागद जरासा पिवळा होता.

माई वाकली. पट्ट्या उभ्या कापलेल्या, त्यामुळे ओळी अर्ध्या अर्ध्या. ‘…मेलेल्यांसाठी…’ एका पाठीवर. ‘…पुन्हा उठतील ही आशा…’ दुसऱ्या. पुढे नुसतंच ‘…म्हणून त्यानं…’. अख्ख्या मंडळीनं रविवारी उभं राहून जी गाणी म्हणायची त्यांच्या पाठीचा कणा मक्काबीचा होता. तिला हसू आलं, आणि ते हसू अर्ध्यावर कुठेतरी अडकलं.

“सापडलं?” मागून विहीणबाईंचा आवाज आला.

माईनं नुसतं बोट दाखवलं. विहीणबाई वाकल्या, वाचू लागल्या. एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर, जसं कुणी ओळीनं उभ्या मुलांत आपलं मूल शोधावं.

“ओल्या फडक्यानं सुटेल,” माई घाईनं म्हणाली. “खळ आहे, सरस नाही. पट्ट्या जोडून मागून पातळ कागद लावता येतो. जोड दिसेल, पण वाचता येईल.”

“हं.”

“विहीणबाई, एक विचारू? रागावू नका.” माईनं दाराकडे बघितलं. बाहेर बाइंडरांचा आणि मामांचा आवाज पुन्हा चढला होता, आता संतांच्या मूर्तींवर गाडी गेली होती. “तुम्ही रोज म्हणता. ते त्यांच्यापर्यंत पोचतं?”

“मला काय ठाऊक?” विहीणबाई म्हणाल्या. “कपडे वाळत घालताना म्हणते. आधी त्यांचे शर्ट असायचे ना दोरीवर. आता नसतात. मग त्या जागी हे म्हणते.”

“आमच्यात काही म्हणत नाहीत,” ती म्हणाली. “आमचा पहिला मुलगा गेला. थोरलीच्या आधीचा. नीट डोळे उघडून माझ्याकडे बघितलंही नव्हतं त्यानं. हे म्हणाले, तो प्रभूच्या कुशीत आहे, त्याला आता कशाची गरज नाही. मी ते मानलं. मानतेच. पण ज्याला कशाचीच गरज नाही, त्याचं आईनं काय करायचं हो? माझे हात तसेच राहिले.”

विहीणबाईंनी तिचा हात धरला. हात धरूनच, अगदी मायेनं, अगदी नकळत त्यांनी विचारलं, “बाप्तिस्मा झाला होता ना बाळाचा?”

“नाही. आमच्यात कळत्या वयात देतात.”

हातातला हात जरासा थंड पडला. सुटला नाही. पण विहीणबाईंची नजर खाली गेली, आणि माईला दिसलं की त्या काहीतरी आठवतायत, लहानपणी कुणी शिकवलेलं, आणि ते बोलायचं नाही म्हणून ओठ दाबून धरतायत.

“काय?” माई म्हणाली. “तुमच्यात काय सांगतात?”

“काही नाही. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांचं जुनी माणसं काहीबाही सांगायची. आता फादर म्हणतात, देवाच्या दयेवर सोपवा.”

“जुनी माणसं काय सांगायची?”

“अहो, जाऊ द्या ना. मला स्वतःला ते कधी पटलं नाही. इतक्याशा जिवाला देव दाराबाहेर कसा ठेवेल?” विहीणबाईंचे डोळे भरले. “मी काय बोलून बसले!”

माई शिकंज्याच्या लोखंडाला टेकली. डोक्यात सगळं सुटलं होतं, फर्मे जमिनीवर पडावेत तसं. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की नवऱ्यानं ते एक वाक्य देऊन तिचं रडं बंद केलं. कशाची गरज नाही. आज पहिल्यांदा तिला दिसलं की त्याच वाक्यानं दारही बंद केलं होतं, आणि बाहेर एक भीती उभी होती जी तिच्यापर्यंत कधी आलीच नाही. इकडे बाळासाठी करण्यासारखं काही नव्हतं. तिकडे बाळासाठी काही केलं नाही याचा घोर होता. टोबित म्हणे पाहुणा. मग तो वाटाड्या, तो मासा, ते नुसतं मागून चालणारं कुत्रं इतकं ओळखीचं का वाटलं होतं? कोणाचं बरोबर? बरोबर असलेलं आणि लागणारं एकच असतं का? ती विचार करू गेली की विचाराचा दोराच सुईतून निसटायचा.

“माई.” दारात बाइंडर उभे होते. मागे सगळे. “मिळाले का?”

माईनं शिकंज्याकडे बोट केलं नाही. ती त्यांच्याकडेच बघत राहिली. मग तिनं विचारलं, सगळ्यांसमोर, जे ती एकांतात विचारणार होती:

“तुम्हाला ठाऊक होतं?”

बाइंडरांनी शिकंजा बघितला, पट्ट्या बघितल्या, विहीणबाईंचे ओले डोळे बघितले. ते जमिनीकडे बघणार असं वाटलं. पण नाही बघितलं.

“बघितलं असतं तर ठाऊक झालं असतं,” ते म्हणाले. “म्हणून बघितलं नाही.”

“आणि पट्ट्या कापताना?”

“कापताना मी कागद बघतो. अक्षर बघत नाही.” मग ते म्हणाले, “त्या दिवशी बघायचं नाही असं ठरवलं होतं.”

“मी बोललो त्यातलं एक अक्षर मागे घेत नाही,” बाइंडर म्हणाले. “शुद्धिस्थान बायबलात नाही. मला विचाराल तर तुमचे यजमान पोचलेत, विहीणबाई, आणि त्यांना तुमची काळजी असेल, तुम्हाला त्यांची करायला नको. पण पुस्तक त्यांचं होतं. माझ्या वडिलांनी फर्मे वाचले आणि जुनं चर्च सोडलं. मी न वाचताच काढून टाकले. म्हातारा असता तर त्यानं माझ्या थोबाडीत मारली असती.”

माईनं कोपऱ्यातून बादली ओढली, फडकं पिळलं आणि पहिल्या गीतपुस्तकाच्या पाठीवर धरलं.

“इतकं ओलं नको,” बाइंडर म्हणाले. “शाई पसरेल. आण इकडे.”

“तुम्ही मंडळीची पुस्तकं मोडणार?” थोरली म्हणाली. “रविवारी द्यायची आहेत.”

“रविवारी तोंडपाठ गातील. गाणी पाठ आहेत सगळ्यांना.”

फडकं त्यांच्या हातात गेलं. पट्टी सुटत आली की ते ती बोटांच्या टोकांनी उचलायचे, जसं दाई बाळ उचलते, आणि विहीणबाईंच्या पसरलेल्या तळव्यांवर ठेवायचे. विहीणबाई ‘…मेलेल्यांसाठी…’च्या शेजारी तिची दुसरी अर्धी ओळ लावू पाहत होत्या. औषधवाली बसून पट्ट्या क्रमानं मांडायला लागली, आणि धाकटा तिला मदत म्हणून चुकीच्या मांडायला लागला.

“लग्नाचं?” मामांनी हळूच बहिणीला विचारलं.

“आधी हे वाळू दे,” विहीणबाई म्हणाल्या. पण त्या बसल्या होत्या. बसल्या होत्या हे माईनं बघितलं.

माईनं निळं पुस्तक आणलं. बाइंडरांकडे न बघताच तिनं चाकूनं पुठ्ठा सोडवला, मलाखीनंतरची शिलाई उसवली, आणि मोकळ्या जागेत टोबित बसवला. सुईत दोरा ओवला. सवयीनं ओठांवर गाणं आलं, आणि मलाखीपाशी येऊन थांबलं. पुढचा शब्द गाण्यात नव्हता. सुई फर्म्याच्या घडीतून आत गेली, बाहेर आली. काय म्हणावं ते तिला कळेना. मग ज्याचं नाव ठेवायचंच राहून गेलं होतं त्याला ती मनातल्या मनात म्हणाली, जा बाळा, पुढे जा, मी आहे मागून. ही प्रार्थना होती की नुसतं बोलणं, आणि चालतं की नाही, हे विचारायला तिला या खोलीत कुणीच सापडलं नसतं. तिनं टाका ओढून घेतला.

“पुठ्ठा आता लहान पडणार,” बाइंडर पलीकडून म्हणाले. पातळ पुस्तकाला कापलेली निळी पाठ त्यांच्या हातात होती आणि ते ती उलटसुलट करत होते. “नवा करावा लागेल. पाठ किती धरू?”

माईनं फर्मे एकत्र धरले, शिवलेले, न शिवलेले, अजून ओल्या पट्ट्यांचे, आणि अंगठा आणि बोट यांत मापून हात वर केला.

“एवढी.”

“दाबल्यावर कमी होईल.”

“होऊ दे नंतर,” माई म्हणाली. “आधी एवढीच धरा.”

त्यांनी मोजपट्टी आणली आणि तिच्या बोटांमधलं अंतर मोजलं.